वजन ठेवून बघा!

लाकडाला बाक आला, की मराठी माणसाला पहिली गोष्ट सुचते ती त्याच्या उरावर काहीतरी ठेवण्याची. काय ठेवायचं, एवढाच काय तो मतभेद. कोणी म्हणतो पाटा ठेवा, कोणी म्हणतो पाण्यानं भरलेली कळशी ठेवा, कोणी म्हणतो गादीखाली घाला आणि वर तुम्हीच झोपा. (हा शेवटचा सल्ला माझ्याकडे बघून जरा जास्तच उत्साहानं दिला जातो.) पण ठेवायला हवं, याबद्दल एकमत. गणपतीची वर्गणी किती असावी यावर आमच्या सोसायटीत बारा वर्षांत एकमत झालेलं नाही. वाकड्या लाकडाच्या बाबतीत ते दोन मिनिटांत झालं.

या लोकांना मी वजनपंथी म्हणतो. हा लेख त्यांच्याविरुद्ध आहे. मी स्वतः कालपरवापर्यंत त्याच पंथात होतो, त्यामुळे भाषा थोडी कडक होईल. विडी सोडलेल्या माणसाइतका विडीचा दुसरा शत्रू नसतो.

प्रकरण माझ्या आईच्या फणेरपेटीचं. फणेरपेटी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी आपल्या आजीला विचारावं आणि आजी नसेल तर माझ्याकडून ऐकावं. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, खाली कुंकू, मेण, फणी, आगवळ यांचे कप्पे, असा हा लाकडी पेटीतला संसार असे. आईची पेटी तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, १९५८ साली तिच्या लग्नात स्वतःच्या हातानं करून दिली. आजोबा राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक. सोन्याचं फारसं काही जमणारं नव्हतं. पडवीच्या कामातून फणसाची एक फळी उरली होती, तिची त्यांनी ही पेटी केली. बारा इंच लांब, नऊ इंच रुंद, पाच इंच उंच. फणसाचं लाकूड नवं असताना पिवळंधमक असतं, पुढं ते तपकिरी-तांबूस होत जातं. आमच्या पेटीनं तो सगळा प्रवास आईबरोबर पुण्यात केला.

झाकण म्हणजे नऊ इंच रुंदीची, अर्ध्या इंचाहून थोडी कमी जाडीची एकसंध फळी. तिच्या आतल्या अंगाला पुढून मागे जाणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या, पट्ट्यांना खोबणी आणि त्या खोबणींत सरकवलेला आरसा. हा आरसा जरा सैल होता. पेटी उघडली की 'खडखड' असा बारीक आवाज यायचा. आमच्या लहानपणी दुसऱ्या खोलीतूनही कळायचं, की आईनं पेटी उघडली. आता आईला काचबिंदूमुळे फारसं दिसत नाही. पेटीत बटणं, सुया, चाव्या आणि दादांचं बंद पडलेलं घड्याळ असतं. हात फिरवून ती हवं ते बरोबर काढते.

२०२३ साली मी निवृत्त झालो. निवृत्त माणसानं घरातल्या वस्तूंकडे लक्ष देऊ नये, असा एक कायदा व्हायला हवा. मी हत्यारांची पेटी विकत घेतली आणि काहीतरी बिघडण्याची वाट बघत बसलो. काहीच बिघडेना. शेवटी ऑगस्टमध्ये, भर पावसात, मला तो खडखडाट ऐकू आला. चौसष्ट वर्षं जो आवाज होता, तो त्या दिवशी बिघाड झाला.

मी पेटी उघडून तपासली. प्रत्येक आडव्या पट्टीला दोन स्क्रू. मागच्या स्क्रूचं भोक गोल, पण पुढच्या स्क्रूचं भोक लांबट! मी मनातल्या मनात आजोबांना क्षमा केली. बिचारे शाळामास्तर, सुतारकाम कुठे शिकलेले? गिरमिट धरताना हात हलला असणार. मी लाकडाचा भुसा आणि पांढरा गोंद कालवून ती लांबट भोकं बुजवली. पट्ट्यांच्या खालीही गोंद घातला आणि स्क्रू असे पिळले, की पट्टी आणि झाकण यांचा जन्मोजन्मीचा संबंध जुळावा. आतून जुन्या कुंकवाचे डाग होते, म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला वॉर्निशचे तीन हात दिले. बाहेरून मात्र काही लावलं नाही. जुनं ते जुनं दिसायला हवं, एवढी अभिरुची माझ्यापाशी आहे.

खडखड थांबली. आईनं पेटी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"आवाज कुठे गेला रे?"

"दुरुस्त केला," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. आमच्या घरात हे वाईट लक्षण समजतात.

एप्रिल २०२४ मध्ये झाकणानं जबडा उघडला. मागच्या बिजागऱ्या जागेवर, पण पुढची कड चांगली पाव इंच वर. वरून पाहिलं तर झाकणाचा मधला भाग खोलगट, एखाद्या पसरट ताटलीसारखा. कडी कोयंड्यापर्यंत पोचेना. आई आपली तळव्यानं झाकण दाबायची, आणि हात काढला की ते पुन्हा वर यायचं.

मग सल्लागार जमले. आमचे शेजारी वजनपंथाचे मठाधिपतीच. ते म्हणाले, "वजन ठेवून बघा!" मेहुणे म्हणाले, "आधी खोबरेल चोळा, मग वजन ठेवा." एका पुतण्यानं फोनवर अशीच पेटी दाखवली, साडेसातशे रुपये, घरपोच. त्याला आईनं ऐकू न आल्यासारखं केलं. तिचे कान उत्तम आहेत. शेवटी घरातल्या वजनदार वस्तूंचा शोध सुरू झाला आणि नजर मराठी विश्वकोशावर गेली. पहिला खंड १९७६ साली निघाला तेव्हा दादांनी मोठ्या हौसेनं घेतला होता आणि पुढचेही जमतील तसे घेतले होते. त्यातले चार आम्ही झाकणावर ठेवले. खंड उघडून लाकडाबद्दल काही वाचावं, असं कुणालाही सुचलं नाही. आम्हाला त्यातलं ज्ञान नको होतं, किलो हवे होते.

नऊ दिवस ठेवलं. दहाव्या दिवशी उचललं, तर झाकण सपाट! शेजाऱ्यांना बोलावून आणलं. ते चहाचा दुसरा घोट घेईपर्यंत झाकण पुन्हा जबडा उघडून बसलं. "वजन कमी पडलं," शेजारी म्हणाले. वजनपंथाचं हे एक मोठं बलस्थान. उपाय फसला, की उपाय चुकीचा ठरत नाही, कमी पडलेला ठरतो. मग त्यांच्या घरचा पाटा आला. त्या रात्री साडेअकराच्या सुमारास पेटीतून 'टक्' असा आवाज झाला. सकाळी बघतो तर झाकणावर, फळीच्या रेषेत, चार बोटं लांब चीर.

आईला दिसत नाही म्हणून मी सांगितलं नाही. तिनं झाकणावरून बोट फिरवलं, ते चिरेवर थांबलं आणि परत गेलं. "अप्पांनी एका फळीत केलं होतं," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशी मी पंथ सोडला आणि पेटी घेऊन एका म्हाताऱ्या सुतारमेस्त्रींकडे गेलो. त्यांनी बाक बघितलाच नाही. झाकण उघडून आत बघितलं.

"आतून काय लावलंत?"

"वॉर्निश."

"आणि बाहेरून?"

"काही नाही."

त्यांनी पट्टीवर नख फिरवलं. "हे भोक कुणी बुजवलं?"

"कुणीतरी," मी म्हणालो.

"ज्यानं पेटी केली त्याला काम येत होतं," मेस्त्री म्हणाले. "ज्यानं बुजवलं त्याला येत नव्हतं."

मग त्यांनी मला जे समजावलं आणि नंतर मी पुस्तकांतून ताडून पाहिलं, ते वजनपंथीयांच्या सोयीसाठी इथं मांडतो. लाकूड कापलं तरी त्याचं पाणी पिणं सुटत नाही. पूर्वी ते मुळांतून प्यायचं, आता हवेतून पितं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडात सुमारे १६ टक्के पाणी राहतं आणि ती ३० टक्क्यांवर उतरली तर सुमारे ६ टक्के. आपल्याकडे पावसाळा आणि पुण्याची एप्रिलातली दुपार यांच्यात एवढं अंतर सहज पडतं. पाणी आलं की लाकूड फुगतं, गेलं की आकसतं. पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. रुंदीत मात्र चांगलंच, आणि त्यातही वर्तुळांच्या दिशेनं जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मं गाभ्यापासून सालीच्या दिशेनं. साग हे या बाबतीत सज्जन लाकूड. ओलं लाकूड पूर्ण कोरडं होईपर्यंत सागही एका दिशेनं ५.८ टक्के आणि दुसरीनं २.५ टक्के आकसतो. या हिशेबानं नऊ इंच रुंदीची सागाची फळीसुद्धा पावसाळा ते उन्हाळा यांत चारेक मिलिमीटर कमी होऊ शकते. फणस काही सागाहून मोठा योगी नव्हे.

आता आजोबांची करामत बघा. फळी रुंदीत कमीजास्त होणार. तिच्यावर आडवी मारलेली पट्टी मात्र स्वतःच्या लांबीत होती, म्हणजे ती हलणार नाही. दोघींना घट्ट जखडलं, तर एक ओढणार आणि दुसरी सोडणार नाही. म्हणून मागचा स्क्रू गोल भोकात, पक्का, आणि पुढचा लांबट भोकात, सरकता. फळीला हवं तेवढं हलू दे, फक्त वाकू देऊ नको, एवढंच पट्टीचं काम. जुन्या ड्रॉइंग बोर्डांच्या मागच्या पट्ट्यांना अशीच लांबट भोकं असत. मी इंजिनिअरिंगला असताना तसल्या बोर्डावर चार वर्षं रेघा मारल्या, एकदाही तो उलटा करून पाहिला नाही.

आजोबांचा हात हलला नव्हता. ती जागा ठेवलेली होती. मी ती बुजवली, तीही ऐन पावसात, फळी पाणी पिऊन टम्म फुगलेली असताना. वर आतल्या अंगाला वॉर्निशचा रेनकोट चढवला. उन्हाळा आला. उघडं बाहेरचं अंग भराभर वाळून आकसू लागलं, आतलं अंग रेनकोटात, शिवाय गोंदानं पट्टीला बांधलेलं. फळीनं काय करावं? ती बाहेरच्या बाजूला खोलगट झाली. त्यावर मी पाटा ठेवला. आकसू पाहणाऱ्या अंगाला जबरदस्तीनं ताणलं, तेव्हा ते रेषेत चिरलं. यात लाकडाचा अपराध कोणता, ते वजनपंथीयांनी सांगावं.

ते सांगतात. त्यांचे मुद्दे मी पूर्वी स्वतः मांडलेले असल्यामुळे मला पाठ आहेत.

मुद्दा पहिला : "लाकूडच कच्चं होतं." साहेब, जे लाकूड पासष्ट पावसाळे आणि तितकेच उन्हाळे सरळ राहिलं, ते सहासष्टाव्या उन्हाळ्यात, माझ्या दुरुस्तीनंतर आठच महिन्यांत, कच्चं कसं निघालं? माणूस पक्का मूर्ख असला, की त्याला लाकूड कच्चं वाटतं.

मुद्दा दुसरा : "आमच्या वेळी लाकडी बॅडमिंटन रॅकेटला चार स्क्रूंची चौकट लावून ठेवत, ते काय होतं?" ते वजनच होतं, मान्य. पण ती चौकट रॅकेट वाकू नये म्हणून होती, वाकलेली सरळ व्हावी म्हणून नव्हे. माझी रॅकेट एकदा पावसात भिजून वाकली, मग मी चौकट आवळली आणि पुढचा सबंध मोसम माझी सर्व्हिस शेजारच्या कोर्टात पडली.

मुद्दा तिसरा : "त्यापेक्षा प्लायवूड वापरावं, ते वाकत नाही." प्लायवूडला थर असतात ते एकमेकांना आडवे आणि बहुतेक वेळा विषम संख्येत, तीन, पाच, सात. मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना सारखाच संसार. ते सरळ राहतं ते दोन्ही अंगांना सारखं वागवलं म्हणून. खात्री करून घ्यायची असेल तर पातळ प्लायच्या एकाच बाजूला सनमायका चिकटवा आणि काही महिने थांबा. चांगला सुतार मागच्या बाजूलाही काहीतरी चिकटवतो. तो पैसे काढतोय असं आपण म्हणतो.

मुद्दा चौथा पुराव्यासह आहे. आमच्या शेजाऱ्यांचं दार जुलैत अडकतं. ते दर जुलैत रंधा मारून घेतात. लाकूड फुगतं हे त्यांना मान्य आहे, पुढं आकसतं हे मान्य नाही. त्यामुळे दर जानेवारीत त्या दाराच्या फटीतून आम्हाला त्यांचा टीव्ही थोडा थोडा जास्त दिसतो. आता बातम्या वाचता येतात.

खरं सांगायचं तर हा पंथ लाकडापुरता नाही. आपण माणसाला वळण लावतो आणि लाकडाचं वळण काढतो, आणि दोन्हीला उपाय एकच, दाब. माझ्या हस्ताक्षराचं वळण सुधारावं म्हणून मास्तरांनी पट्टीचा उपयोग केला होता. अक्षर तसंच राहिलं, पट्टी मोडली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण मोठ्या शहाणपणानं म्हणतो. पण तो पीळ कुणी घातला, हे सुंभाला कोणी विचारत नाही.

तर उपाय. मेस्त्रींनी तो सांगितला आणि मी त्यांच्या देखरेखीखाली केला, त्यामुळे तो बरोबर आहे. पहिलं काम, केलेलं निस्तरणं. आरसा काढला. स्क्रू काढले, पट्ट्यांखालचा गोंद गरम ओल्या फडक्यानं नरम करून पटाशीनं हळूहळू सोडवला. आतलं वॉर्निश खरवडून, पॉलिशपेपरनं घासून साफ काढलं. वॉर्निश लावायला एक रविवार लागला होता, काढायला अकरा दिवस. पट्ट्या सुटल्या त्याच दिवशी निम्मा बाक आपोआप गेला. मेस्त्री म्हणाले, "बघा, त्याला तुमच्याकडून काही नको होतं. फक्त सोडा म्हणत होतं."

उरलेल्या बाकासाठी ओलं, घट्ट पिळलेलं सुती फडकं पाटावर पसरलं. त्यावर झाकणाची खोलगट बाजू खाली, फुगीर बाजू वर, आणि वर सकाळचं कोवळं ऊन. खोलगट अंग पाणी पिऊन फुगतं, फुगीर अंग वाळून आकसतं, आणि फळी आपसूक सपाट होऊ लागते. नियम असा, की जवळ बसून राहायचं आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी लोखंडी पट्टी आडवी लावून बघायचं. मी जेवायला उठलो असतो तर ती उलट्या बाजूला वाकली असती. सपाट होऊन केसभर पलीकडे गेली, तेव्हा उचलली. मग सावलीत, खाली-वर पेन्सिली ठेवून, दोन्ही अंगांना सारखा वारा लागेल अशी वाळवली. आणि तेव्हा, फक्त तेव्हा, मेस्त्रींनी वर थोडं वजन ठेवलं. किती? साखरेचा डबा. मी विश्वकोश आणू का म्हणून विचारलं. "तो वाचायला ठेवा," ते म्हणाले. म्हणजे वजनाचंही काम आहे, पण ते शेवटचं आणि राखणदाराचं. पहिलंच जर पोलीसपाटलाचं केलं, तर चीर जाते.

लांबट भोकं कोरून मोकळी केली. पट्ट्या पुन्हा बसवल्या, गोंदाविना. मागचा स्क्रू घट्ट, पुढचा नुसता टेकलेला. शेवटी तेल-मेणाचा हात दिला, आतून एक आणि बाहेरून एक, मोजून. चीर बुजवायला मी भुसा कालवायला घेतला, तर मेस्त्रींनी वाटीच काढून घेतली. "किती दिवस थांबू?" मी विचारलं. "पाऊस कधी आहे?" ते म्हणाले. जुलैत ती चीर मिटत मिटत केसाएवढी राहिली. भुसा भरला असता, तर फुगलेल्या लाकडाला मिटायला जागाच उरली नसती आणि ते दुसरीकडे कुठेतरी फाटलं असतं. उन्हाळ्यात ती पुन्हा थोडी उघडते. उघडू दे. ती माझ्या पाट्याची सही आहे.

शेजारी पेटी बघायला आले. झाकण उघडून-मिटून पाहिलं, कडी घालून पाहिली.

"बघा," ते म्हणाले, "शेवटी वजनानंच झालं ना? जरा उशिरा गुण आला, इतकंच." आणि जाताना स्वतःचा पाटा घेऊन गेले.

मी वाद घातला नाही. कारण तेवढ्यात आतल्या खोलीतून खडखड ऐकू आली. आईनं पेटी उघडली होती.